चाकाचा लॉक नट निघत नाही: वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला की चाकांच्या तक्रारी सुरू होतात. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस, चोर्ला घाटातलं पाणी, चिकोडी-निपाणीकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरांनी आणून टाकलेली माती हे सगळं नटांत जाऊन बसतं. चाक वर्षभर कुणी उघडत नाही आणि पंक्चर झाल्यावरच कळतं की एक नट हलायला तयार नाही. या वेळचे बहुतेक प्रश्न अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमची चाकं, चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला एक बसवतात, त्या वेगळ्या नक्षीच्या लॉक नटाचे आहेत. सगळ्या उत्तरांमागे माझं म्हणणं एकच आहे: नट बिघडला तर बिघडू द्या. स्टड (नट ज्यावर चढतो तो दांडा), हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि चाक वाचलं पाहिजे.

निपाणीहून एक वाचक: कोल्हापूरहून जुनी गाडी घेतली. प्रत्येक चाकाला एक नट वेगळा आहे, आतून फुलासारखी नक्षी आहे. चावी मिळाली नाही. आता काय करू?

आधी गाडी नीट शोधा. ही चावी म्हणजे बोटभर लांबीची छोटी गोटी (सॉकेट) असते, एका टोकाला नक्षी आणि दुसऱ्या टोकाला पाना बसेल असा षटकोन. स्टेपनी काढून तिच्या खालचा खड्डा बघा, जॅकच्या पिशवीत हात घाला, डॅशबोर्डचा खण आणि डिकीच्या बाजूचे कप्पे रिकामे करा. नाही सापडली तर आधीच्या मालकाला फोन करा आणि सोबत हेही विचारा की शेवटचे टायर कुठे बदलले. चावी टायरवाल्याच्या मशीनवर विसरून राहिली, असं फार वेळा होतं.

लॉक कंपनीकडूनच बसून आलेले असतील तर शोरूमला जा. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सगळ्या नक्षींच्या चाव्यांचा संच असतो, तुमची नक्षी त्यातून जुळवता येते. बाहेरून घेतलेल्या लॉकच्या डब्यात बहुतेक वेळा कोड छापलेलं कार्ड असतं आणि त्या कोडवर नवी चावी मागवता येते.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडून चावी करून घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. तिथल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला शंका नाही, हायड्रॉलिकचे सुटे भाग करणारी माणसं आहेत ती. अडचण लोखंडाची आहे. मऊ लोखंडाची चावी पहिल्याच जोराला पिळवटते आणि जाताना नटाची नक्षीही घेऊन जाते. करायचीच असेल तर चांगलं टूल स्टील घ्या आणि त्याला पाणी देऊन, म्हणजे तापवून-बुडवून कडक करून घ्या. नाहीतर त्या वाटेला जाऊ नका.

खानापूर तालुक्यातून: टायरवाल्याने चावी लावून गन (झटके देत नट फिरवणारं मशीन) चालवली, चावी घसरली आणि नटाच्या कडा गोल झाल्या. आमचा फिटर म्हणतो, वर एक नट वेल्ड करू, दोन मिनिटांत निघेल. करू द्यावं का?

नाही. टायर चाकावर असताना तिथे वेल्डिंग करू देऊ नका. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे हा उपाय सर्रास होतो आणि करणाऱ्याला त्यातला धोका बहुधा ठाऊक नसतो.

वेल्डिंगची उष्णता नटातून रिममध्ये आणि रिममधून टायरच्या आतल्या रबराला पोचते. तापलेल्या रबरातून पेट घेणारा वायू निघतो, तो बंद जागेत साठतो आणि टायर फुटतो. हे नेहमीच्या फुटण्यापेक्षा कितीतरी जोराचं असतं आणि वेल्डिंग थांबल्यावर काही वेळाने, माणूस चाकासमोर वाकलेला असतानाही घडू शकतं. व्हॉल्व्ह काढून हवा सोडली तरी धोका पूर्ण टळत नाही. टायरमध्ये कधी पंक्चरचा फवारा मारला असेल तर तो आणखी वाढतो. शिवाय ॲल्युमिनियम तापलं तरी लोखंडासारखं लाल होत नाही. अलॉयची ताकद आतून कमी झालेली असते आणि डोळ्याला काहीच दिसत नाही. अर्थिंगची तार चुकीच्या जागी लावली तर वीज व्हील बेअरिंगमधून जाते आणि गोळ्यांवर खड्डे पडतात. एवढं सगळं एका नटासाठी कशाला?

आता काय करायचं ते सांगतो. गाडी सपाट जागी, चाक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, दुसऱ्या चाकाला दगड. मग बाकीचे नट नीट घट्ट करा. हो, घट्टच. लोक उलट करतात, सोपे म्हणून तीन नट आधी काढून टाकतात आणि चाकाचा सगळा ताण त्या एका लॉकवर आणून ठेवतात. शेजारचे नट आवळले की लॉकवरचा ताण थोडा उतरतो, आणि कधी कधी तेवढ्यावरच तो सुटतो.

त्यानंतर नटाच्या आतली माती आणि गंज टाचणीने किंवा तारेच्या ब्रशने उकरून काढा. खोबणीच्या तळाशी वाळलेला चिखल बसलेला असतो आणि त्यामुळे चावी पूर्ण आत जात नाही. अर्ध्या खोलीवर बसलेली चावी घसरणारच. गंज सोडवणारं तेल आट्यांकडे मारून तासभर थांबा, ब्रेक डिस्कवर मात्र उडू देऊ नका. चावी आत बसवून वर हातोडीचे दोन-तीन ठोके द्या, लांब दांड्याची टॉमी (गोटी फिरवायचा दांडा) लावा आणि सावकाश, सलग जोर द्या. गन लावू नका. गनचे झटके नक्षी खातात, तुमच्या नटाचंही तेच झालं.

एवढं करूनही घसरत असेल तर उलट आट्यांची गोटी लागेल. हिच्या आत तिरपे धारदार दात असतात आणि नट सोडवायच्या दिशेला फिरवू तशी ती अधिकच रुतते. नटापेक्षा किंचित लहान माप निवडायचं आणि ठोकून चढवायचं. पहिले ठोके पोकळ वाजतात. गोटी बसत आली की आवाज बदलतो, भरीव येतो, आणि गोटी हाताने हलत नाही. तोवर टॉमी लावायची घाई करू नका. अलॉयचं भोक अरुंद असेल तर पातळ भिंतीची गोटी घ्या आणि भोवती जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, रिमला ओरखडे पडणार नाहीत. किलोभराची हातोडी पुरे, घण नको, बेअरिंगला मार बसतो. सुटताना एक मोठा ‘कट’ असा आवाज येतो. घाबरू नका, बहुतेक वेळा ती सुटल्याचीच खूण असते. गोटीत अडकलेला नट मागच्या चौकोनी भोकातून सळई घालून ठोकला की पडतो.

ही खास गोटी मिळाली नाही तर बारा कोनी जुनी गोटी याच पद्धतीने ठोकून बसवता येते. ती वाया जाईल असं धरूनच चाला.

वडगावहून: आमच्या लॉकला बाहेरून एक रिंग आहे, ती नुसती गरगर फिरते. कुठलीही गोटी पकडतच नाही.

ती रिंग चोरासाठीच ठेवलेली असते. तिचा आतल्या नटाशी संबंध नसतो, म्हणून बाहेरून कितीही पकडलं तरी फक्त रिंगच फिरणार. आधी तिला काढावं लागतं. अरुंद छिन्नीने एका बाजूला चीर पाडा किंवा छोट्या ग्राइंडरने एक काप द्या, म्हणजे ती फाकते आणि निघून येते. रिमवर पत्र्याचा तुकडा धरा आणि चष्मा घाला, कडक पोलादाचे कण डोळ्यात उडतात. रिंग गेली की आतला नट वर सांगितल्याप्रमाणे काढा.

टिळकवाडीतून एक वाचक: माझ्या स्कोडाला नट नाहीत, बोल्ट आहेत. लॉक बोल्टची नक्षी गेली आहे. मेकॅनिक ड्रिल करायचं म्हणतो. हब खराब होईल याची मला भीती वाटते.

ताई, तुमचं काम त्या मानाने सोपं आहे. मारुती, ह्युंदाई, टोयोटामध्ये स्टड हबमध्ये कायमचा बसवलेला असतो आणि त्यावर नट येतो. तुमच्या गाडीत 14 मिलिमीटरचा बोल्ट थेट हबमध्ये जातो. त्यामुळे फक्त बोल्टचं डोकं उडवलं तरी चाक मोकळं होतं. चाक निघाल्यावर उरलेल्या दांड्यावर ताण राहत नाही. तो पकडीने, कधी कधी तर नुसत्या बोटांनी फिरवूनही निघतो.

मेकॅनिकला एवढं सांगा: बरोबर मध्यावर खूण करा, आधी लहान बिट, मग टप्प्याटप्प्याने मोठं. कोबाल्टचं बिट घ्या, साधं बिट या पोलादावर जळून जातं. ड्रिलचा वेग कमी ठेवा, तेल सोडत राहा, आणि डोक्याच्या जाडीपेक्षा खोल जाऊ नका. खोली सांभाळली तर हबला बिट लागतच नाही, तुमची भीती तिथेच मिटते. लोखंडाचा कीस ब्रेकवर साचतो, तो झाडून घ्या. पण हे सगळं उलट्या आट्यांची गोटी लावून पाहिल्यानंतरच. ती चालली तर ड्रिलची गरजच नाही.

चिकोडीहून: नट काढताना स्टडच तुटला. मारुतीला चार आहेत, आता तीन उरले. तीनवर बेळगावपर्यंत आणू का?

आणू नका. चारांतला एक गेला की त्याचा भार बाकी तिघांवर येतो, आणि ज्या हाताने एक स्टड तुटेपर्यंत ताणला त्याच हाताने उरलेले तीनही ताणलेले असतात. हायवेला लागल्यावर शंभरच्या वेगात त्यांची परीक्षा घेऊ नये. जिथे आहात तिथेच स्टड बदलून घ्या, चिकोडीत हे काम होतं. ड्रम किंवा डिस्क उतरवून तुटका स्टड मागे ठोकून काढतात आणि नवा मागून घालून वायसर आणि नटाने ओढून बसवतात. काही गाड्यांत मागे जागा नसते, तिथे हब उतरवावा लागतो आणि वेळ लागतो. स्टड मूळ मापाचाच घ्या: मारुतीला 12 मिलिमीटर जाडी आणि 1.25 चे आटे (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये), ह्युंदाई, होंडा, टोयोटाला त्याच जाडीला 1.5 चे आटे. दिसायला दोन्ही सारखेच. 1.5 चा नट 1.25 च्या स्टडवर एक-दोन फेरे चढतोही, आणि मग गनने रेटला की दोघांचेही आटे जातात. पहिले फेरे बोटांनीच द्या.

येळ्ळूरहून: लॉक काढून टाकले. आता कुठलेही साधे नट लावले तर चालतील ना?

आट्यांबरोबर बैठकही जुळली पाहिजे. बहुतेक गाड्यांचा नट रिमला टेकतो तिथे निमुळता असतो. होंडाच्या मूळ चाकांना गोलसर बैठक लागते आणि टोयोटाच्या काही मूळ अलॉयना सपाट, वायसरवाला नट. निमुळता नट गोल बैठकीत घातला तर तो एका बारीक कडेवर टेकतो, आवळताना घट्ट वाटतो आणि चार दिवसांनी सैल होतो. दुकानात जाताना जुना चांगला नट खिशात घेऊन जा आणि शेजारी ठेवून जुळवा.

उचगावहून: पुढच्या वेळी अडकू नये म्हणून आट्यांना ग्रीस लावू का?

नको. नटाला किती आवळायचं ते माप कोरड्या आट्यांसाठी दिलेलं असतं. ग्रीस लावलं की तेवढ्याच जोरात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. आटे तारेच्या ब्रशने साफ केले की झालं. अलॉय हबला चिकटून बसत असेल तर फक्त हबच्या मधल्या गोल कडेवर पातळ थर द्या.

बेळगाव कॅम्पातून: गोव्याला जायच्या आधी चारही टायर बदलले. नट किती घट्ट करायचे? टायरवाला गननेच करतो.

गनने नट नुसते टेकवू द्या, शेवटचं आवळणं हाताने. टायरच्या दुकानातली गन तुमच्या नटाला लागतो त्याच्या तीन-चार पट जोर देऊ शकते. वर ज्यांनी ज्यांनी लिहिलंय, त्यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं तिथूनच सुरू झालेलं असणार. होंडा सिटीला 108 न्यूटन मीटर, फोक्सवॅगन पोलोला 120. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत आहे. टॉर्क रेंच (किती जोर दिला ते दाखवणारा पाना) असलेलं दुकान निवडा. नसेल तर अंदाज असा: अर्धा मीटर लांबीच्या टॉमीच्या टोकाला 22 किलोचा भार दिला की साधारण 108 होतात. टॉमीवर उभं राहून उड्या मारायची गरज कधीच नसते. नट समोरासमोर, आडवेतिडवे आवळा, ओळीने नको. लॉक असेल तर त्याला गन अजिबात लावू देऊ नका आणि चावी मोजून परत घ्या.

अलॉय नव्याने बसल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे असतात. तुम्ही चोर्ल्याने जाणार असाल तर गोव्यातल्या साखळी गावात चहाला थांबाल तेव्हा चाक थोडं थंड होऊ द्या आणि पाना लावून बघा.