वेदनानाशक की वेदनाशामक?

परळला रुग्णांसाठी माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे: मेंदूतल्या न्यूरोपेप्टाइडना, म्हणजे चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात त्या प्रथिनासारख्या छोट्या रेणूंना, 'नैसर्गिक वेदनानाशक' म्हणावं की 'वेदनाशामक'?

माझं मत 'शामक'ला. 'नाशक' हा 'पेनकिलर'मधल्या किलरचा प्रताप. तणनाशक, झुरळनाशक ठीक. तिथे मागे काही उरू नये अशीच अपेक्षा असते. शमन म्हणजे निवणं, आणि निवलेलं पुन्हा उसळू शकतं. शरीरात घडतं ते हेच. जखमेचा संदेश मज्जारज्जूत शिरतो, तिथे एन्केफॅलिन नावाचं न्यूरोपेप्टाइड जणू दार अर्धं लोटून घेतं. संदेश पुढे नेणारी रसायनं कमी सुटतात. दुखणं असतं, पण मंद.

दादरला गाडीत चढताना एकदा कुणाच्या तरी बुटाखाली माझा अंगठा सापडला. चढायच्या धांदलीत पत्ताच लागला नाही. घाटकोपरला बसायला मिळालं, चप्पल चिकट लागली, खाली पाहिलं तर नख उखडलेलं, आणि मग जो ठणका सुरू झाला! अशा धांदलीत मेंदूची ही शामक रसायनं कामाला लागतात. 'वेदना'चा धातू विद्, म्हणजे जाणणं. जाणीवच उशिरा झाली.

एन्केफॅलिन 1975मध्ये ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून वेगळं केलं. ग्रीकमध्ये नावाचा अर्थ साधा, 'डोक्यातलं'. त्याच्याच जातीचं एंडॉर्फिन म्हणजे शरीराच्या आतलं मॉर्फिन. त्याला 'अंतर्जात अफू' असं मात्र करू नका, पेशंट पुस्तिका मिटून घरी जाईल.

एक सावधगिरी. सरसकट 'न्यूरोपेप्टाइड वेदनाशामक असतात' लिहिलंत तर चूक होईल. 1931मध्ये ऑयलर आणि गॅडम यांना सापडलेलं 'सबस्टन्स पी' हेही न्यूरोपेप्टाइडच, आणि ते वेदनेचा निरोप पुढे पोचवतं. (त्यातला 'पी' पेनचा नव्हे, बरं का.) म्हणून शीर्षकात 'वेदनेचं नियमन', आणि एन्केफॅलिन-एंडॉर्फिनपुरतं 'वेदनाशामक'.

आत मजकुरात तर तेही नको. आपल्याकडे 'जरा कळ काढ', 'थोडी कळ सोस' म्हणतात. दुखणं आणि धीर एकाच शब्दात. 'कळ सोसायला मदत करणारी मेंदूतली रसायनं' असं लिहा. लालबागच्या आजींना वाचून दाखवलं तरी विचारावं लागणार नाही.