शेव्ही ३५० मध्ये गिअर ड्राइव्ह बसवताना

गिअर ड्राइव्ह म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणाऱ्या चेनऐवजी बसवायचे गिअर. जुन्या सी-१० (शेव्हीचा पिकअप ट्रक) च्या ३५० इंजिनाची ही चेन काढण्याआधी क्रँक फिरवून दोन्हींच्या चाकांवरचे खुणेचे ठिपके समोरासमोर आणा: क्रँकचा वर, कॅमचा खाली. क्रँक गिअर हातोड्याने ठोकू नका, गरम करून सरकवा. कॅमचे तीन बोल्ट थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावून साधारण २० फूट-पाउंडला आवळा. मग क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, अडलं तर जोर लावू नका.

नवखे फसतात ते इथे: ठिपके समोरासमोर असताना फायरिंगवर (ठिणगी पडण्याच्या स्थितीत) ६ नंबरचा सिलिंडर असतो, १ चा नव्हे. क्रँक आणखी एक फेरा फिरवूनच डिस्ट्रिब्यूटरचा रोटर (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा फिरता भाग) १ नंबरवर लावा, नाहीतर कार्ब्युरेटरमधून भडका उडेल.

गिअरवरच्या कव्हरच्या आत प्लॅस्टिसिन चिकटवून गिअर घासत नाहीत ना, हे जरूर पाहा.