त्रिनिदाद बेटावरचे रोजचे जीवन कसे असते? तेथे गेल्यावर भारतातच असल्यासारखे वाटते का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत : नोकरीसाठी त्रिनिदादला गेल्यास तेथे दिवस कसे जातील, आणि निम्मी वस्ती भारतीय वंशाची असल्यामुळे ते बेट परके वाटणार नाही ना. मी पॉइंट लिसास येथील औद्योगिक वसाहतीत तीन वर्षे काम केले आणि जवळच्याच कूवा गावात राहिलो, त्या अनुभवावरून लिहितो. आधी एक दुरुस्ती करतो. वस्ती निम्मी नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्रिनिदाद आणि टोबॅगो या दोन बेटांच्या देशात भारतीय वंशाचे लोक सुमारे ३५ टक्के, आफ्रिकी वंशाचे सुमारे ३४ टक्के आणि मिश्र वंशाचे सुमारे २३ टक्के आहेत.

कॅरिबियन बेट म्हटले की निळेशार पाणी आणि पांढरी वाळू डोळ्यांसमोर येते. ते चित्र शेजारच्या टोबॅगोला शोभते, त्रिनिदादला फारसे नाही. हे बेट भूगर्भदृष्ट्या दक्षिण अमेरिकेचाच तुटलेला तुकडा आहे. व्हेनेझुएलाचा किनारा येथून जेमतेम ११ किलोमीटरवर आहे आणि बेटाच्या उत्तरेची डोंगररांग त्या देशातील किनारी पर्वतांचाच पुढचा भाग आहे. ओरिनोको नदीचा गाळ वाहून येत असल्यामुळे दक्षिणेकडचा समुद्र बराच काळ मातकट दिसतो. चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेस असल्याने इतर बेटांइतका त्यांचा तडाखा येथे बसत नाही. वर्षाचे ऋतू दोनच : जानेवारी ते मे कोरडा, जून ते डिसेंबर पावसाळी. जमिनीखाली तेल व वायू आहे, त्यामुळे आपल्यासारख्यांना तेथे नोकरी मिळते ती बहुधा अमोनिया किंवा मिथेनॉलच्या कारखान्यात. ला ब्रेया येथे सुमारे १०० एकरांचे नैसर्गिक डांबराचे तळे आहे. त्यावरून चालताना पायाखालची जमीन हलकेच दबते, आणि एके ठिकाणी फार वेळ उभे राहिल्यास बूट रुतू लागतात, हे मी स्वतः अनुभवले आहे.

भारतीय माणसे तेथे पोहोचली ती उसामुळे. गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांना मजूर हवे होते, म्हणून ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज २२५ करारबद्ध मजुरांना घेऊन तेथे लागले, आणि १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार लोक असे नेले गेले. त्यांतील बहुतेक आजच्या बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले होते. त्यांची भोजपुरी आज गाण्यांत, नात्यांच्या नावांत आणि स्वयंपाकघरात उरली आहे. बोलण्याची भाषा त्रिनिदादी वळणाची इंग्रजी. मी पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांशी मोठ्या उत्साहाने हिंदीत बोलायला गेलो आणि त्यांनी तितक्याच आदराने, आपल्याला काही कळले नाही, असे इंग्रजीत सांगितले. मात्र त्यांची नात वडिलांच्या आईला ‘आजी’ म्हणत होती आणि आईच्या आईला ‘नानी’. मराठी कानाला ‘आजी’ हा शब्द तेथे भेटावा याचे मला आजही नवल वाटते. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : भारतीय वंशाचे सगळेच हिंदू नाहीत. मुसलमान आहेत, आणि कॅनडातून आलेल्या मिशनच्या शाळांमुळे प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती झालेली घराणीही पुष्कळ आहेत.

आता दिवसाविषयी. सकाळची सुरुवात रस्त्याकडेच्या ‘डबल्स’ने होते : हळद घातलेले दोन मऊ तळलेले ‘बारा’, त्यांच्यामध्ये छोल्यांची पातळसर भाजी, वर किसलेल्या कैरीचा ‘कुचेला’ आणि मिरचीची चटणी. मिरची किती हवी ते आधीच सांगावे लागते. महाराष्ट्रात तिखट खाण्याची सवय आहे म्हणून मी सुरुवातीलाच जास्त मागितली; ती चूक आपण करू नये, तेथील मिरची वेगळ्याच जातीची आहे. चांगल्या गाडीवरचा माल सकाळीच संपतो. खाणाऱ्यांच्या रांगेत बँकेतला साहेब, गवंडी, आफ्रिकी वंशाचा पोलीस असे सगळे उभे असतात, आणि हा पदार्थ ‘भारतीय’ आहे असे त्यांच्यापैकी कोणी मानत नाही, तो त्रिनिदादचा आहे. खरोखरच भारतात तो याच रूपात कोठे मिळत नाही.

गावाकडची कित्येक घरे खांबांवर उभारलेली असतात आणि खालच्या मोकळ्या जागेत झोपाळा टांगलेला असतो. हिंदू घरासमोर बांबूला रंगीबेरंगी ‘झंडी’ दिसतात. पूजा झाली की एक झेंडा वाढतो. प्रवास ‘मॅक्सी टॅक्सी’ने, म्हणजे वाटेत प्रवासी घेणाऱ्या लहान बसने होतो, आणि राजधानी पोर्ट ऑफ स्पेनकडे सकाळी जाताना महामार्गावर इतका खोळंबा होतो की मुंबईकरालाही तो ओळखीचा वाटावा. शुक्रवारी संध्याकाळी ‘लाइमिंग’ चालते, म्हणजे काही काम नसताना चार माणसांनी जमून गप्पा मारत बसणे. आपल्या कट्ट्याशी त्याचे नाते आहे, पण तेथे घाई करणारा माणूस जवळजवळ असभ्य ठरतो.

राख-बुधवारच्या (ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरपूर्व उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या) आधीचे सोमवार आणि मंगळवार हे कार्निव्हलचे दिवस. ते अधिकृत सुट्टीचे नाहीत, तरी सारे बेट बंद असते. त्यात वाजणाऱ्या स्टीलपॅन या वाद्याची कथा अशी : मुक्त झालेल्या गुलामांच्या ढोलांवर ब्रिटिशांनी निर्बंध घातले, तेव्हा लोकांनी बांबू आपटून ताल धरला, आणि पुढे १९३० च्या दशकात पत्र्याच्या डब्यांतून व नंतर तेलाच्या पिंपांतून हे वाद्य घडवले. दिवाळीत याच बेटावर बांबू चिरून वाकवलेल्या कमानींवर हजारो पणत्या लागतात, आणि ती मात्र सार्वजनिक सुट्टी आहे.

मी मुंबईचा आहे असे कळल्यावर एका वयस्क आफ्रिकी वंशाच्या चालकाने मला पहिला प्रश्न विचारला तो गावसकरांचा. १९७१ साली पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवले, दिलीप सरदेसाईंनी त्यात शतक काढले आणि सुनील गावसकरांनी कसोटीत पदार्पण केले. गावसकरांवर तेथे कॅलिप्सो (तेथील लोकगीताचा एक प्रकार) रचली गेली होती. त्या गृहस्थाने गाडी चालवता चालवता ती अर्धी म्हणून दाखवली. भारताविषयी एवढी आपुलकी मला माझ्या भारतीय वंशाच्या शेजाऱ्यांकडेही दिसली नव्हती. त्यांच्या दृष्टीने त्यांचा देश त्रिनिदाद होता आणि मी परदेशी पाहुणा.

गुन्हेगारी मात्र गंभीर आहे. सुमारे १४ लाख वस्तीच्या या देशात २०२४ मध्ये सहाशेहून अधिक खून झाले आणि वर्षअखेरीस आणीबाणी लागली. घर निवडताना कार्यालयातील स्थानिक सहकाऱ्यांचा सल्ला घ्यावा, अंधार पडल्यावर अनोळखी भागात एकट्याने जाऊ नये. डाळी, तवा, पीठ कशाचीच ने-आण करण्याची गरज नाही, सगळे तेथे मिळते. गोडा मसाला तेवढा बरोबर न्यावा.