डोळ्यापासून ओठापर्यंत चेहरा फडफडतो, काय कारण असेल?

तुम्ही लिहिलंय की 3 महिन्यांपासून उजवी पापणी लवते, आता गाल आणि ओठाचा कोपराही ओढला जातो. चष्म्याचा नंबर तपासून झाला, बी-12 च्या गोळ्या चालू आहेत, पण फरक नाही. मी डॉक्टर नाही, सांगलीत एका पतसंस्थेच्या काउंटरवर बसते. पण हेच दुखणं मला डाव्या बाजूला आहे.

नुसती खालची पापणी बारीक थरथरत असेल तर बहुतेक वेळा जागरण, चहा-कॉफीचा मारा, ताण, नाहीतर डोळ्यांचा कोरडेपणा. समोरच्याला ते दिसतही नाही आणि काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप थांबतं. दोन्ही डोळे एकदम घट्ट मिटत असतील, त्यातही उन्हात जास्त, तर तो ब्लेफरोस्पॅझम.

तुमचं वर्णन जुळतं ते हेमिफेशियल स्पॅझमशी, म्हणजे चेहऱ्याची एकच बाजू आपोआप आखडण्याशी. सुरुवात पापणीपासून होते आणि हळूहळू गाल, ओठ, कधी मानेपर्यंत उतरतं, पण बाजू तीच राहते. झोपेतही थांबत नाही; मला हे आमच्या ह्यांनी सांगितलं. काउंटरवर नोटा पुढे सरकवताना नेमका डोळा मिटायचा आणि गिऱ्हाईक गोंधळून बघत राहायचं. सासूबाई तेवढ्या खूश, बाईचा डावा डोळा लवला की शुभ!

मूळ डोळ्यात नसतं. चेहऱ्याची सातवी नस मेंदूच्या बुडातून निघते तिथे बहुधा एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते आणि ठोक्यागणिक डिवचत राहते. क्वचित गाठही निघते, म्हणून एमआरआय टाळू नका. पूर्वी चेहऱ्याचा लकवा होऊन गेला असेल, तर नस भरून येताना तारा उलटसुलट जुळतात आणि डोळा मिटला की ओठ हलतो. मळमळीवरचं मेटोक्लोप्रमाइड किंवा मानसिक आजारावरची काही औषधं यांनीही चेहऱ्याच्या नको त्या हालचाली होतात, तेव्हा चालू गोळ्यांची यादी सोबत न्या. बी-12 चं मला पटत नाही. रक्तात काही कमी पडलं तर ते सहसा एकच गाल निवडून धरत नाही.

आरशात एक बघा. झटका आला की डोळा मिटतो, पण त्याच बाजूची भुवई वर जाते का? जात असेल तर ती हेमिफेशियल स्पॅझमचीच खूण; मुद्दाम करून बघा, जमणार नाही. मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण डॉक्टरांसमोर चेहरा हमखास शहाण्यासारखा वागतो. आणि चष्मेवाल्याकडे नव्हे, न्यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरांकडे जा. मी मिरजेला गेले, तुमच्या जवळ असेल तिथे जा.

उपाय दोन. बोटॉक्सची इंजेक्शनं: बारीक सुईनं डोळ्याभोवती आणि गालात देतात, काही दिवसांत गुण येतो, साधारण 3 ते 4 महिने टिकतो, मग परत घ्यायची. मी तीच घेते. दुसरं ऑपरेशन, ज्यात नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये छोटी गादी ठेवतात. बऱ्याच जणांचं दुखणं त्यानं कायमचं जातं, पण ऐकण्याची नस अगदी शेजारी असल्यानं त्या कानाला धोका असतो. हे आधी नीट विचारून घ्या.

तोंड एकाएकी वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हात लुळा पडला, तर यातलं काही वाचत बसू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा. तो अर्धांगाचा झटका असू शकतो. इंजेक्शननंतर पापणी थोडी खाली उतरली तर मात्र घाबरू नका, डॉक्टरांना फोन करून कळवा. काही आठवड्यांत ती पूर्ववत होते.