जळालेला सांधा हीच तुमची केस

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी गच्चीवर सौर संच बसवून घेतला. गेल्या महिन्यात भर दुपारी पॅनेलमागच्या पाइपातून धूर आला. दोन पॅनेल आणि केबल जळाली. जळालेल्या जागी तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली दिसते, शेजारच्या पाइपातही तसाच सांधा आहे, पण तो शाबूत आहे. कंपनी म्हणते, वर्षापूर्वी इन्व्हर्टर खाली हलवताना तुम्ही बाहेरच्या वायरमनकडून केबल वाढवून घेतली, म्हणून वॉरंटी संपली. तरी सगळे फुकट बदलून देतो, फक्त 'आमची काही तक्रार नाही' असे लिहून द्या. माणसे परवा येणार आहेत. सही करू का?

उत्तर : सही करू नका, आणि परवा त्यांना एक तारही काढून नेऊ देऊ नका. नवे पॅनेल कधीही मिळतील. तो जळका सांधा एकदा भंगारात गेला की तुमच्या बाजूने बोलणारे काही उरणार नाही.

वायरमनची गोष्ट तुम्ही मोकळेपणाने लिहिलीत, ती ग्राहक आयोगासमोरही लपवू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 87 नुसार वस्तूत फेरफार झाला असेल तर विक्रेत्याला उत्पादन-दायित्वातून, म्हणजे वस्तूमुळे झालेल्या नुकसानीच्या जबाबदारीतून, सुटता येते. कंपनी यावरच भर देईल. पण सांधे दोन ठिकाणचे आहेत. वायरमनने काम केले ते खाली, इन्व्हर्टरपाशी. आग लागली वर, पॅनेलमागे. सैल सांध्यात विजेला होणारा रोध वाढतो आणि तो सांधा स्वतःच्याच जागी तापतो, खालच्या सांध्यामुळे वरचा जळत नाही. त्यामुळे खरा मुद्दा एकच : वरचा सांधा कोणी मारला? तो शाबूत जुळा सांधा म्हणूनच माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा आहे. तीच टेप, तोच पीळ, आणि तारेच्या आवरणावर छापलेली अक्षरे मूळ केबलशी जुळत असतील तर ते काम कंपनीच्याच माणसांचे, हे दाखवता येईल. बसवतानाचे फोटो मोबाइलमध्ये असतील, ते आजच शोधा.

'एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडला नाही, म्हणजे दोष नव्हता' असेही कंपनीवाले म्हणतील. याला बळी पडू नका. सांध्यात ठिणगी धरली की एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या मालिकेतला प्रवाह वाढत नाही, उलट थोडा घटतो, मग एमसीबी पडणार कशाने? घरच्या 50 हर्ट्‌झच्या एसी, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या, विजेत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तिथे ठिणगी विझायला वाव असतो. पॅनेलमधून येणाऱ्या डीसीत, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत, तो वावच नाही, ऊन असेपर्यंत ती जळत राहते. म्हणूनच या तारा योग्य हत्याराने क्रिंप केलेल्या (दाबून घट्ट बसवलेल्या), एकमेकांशी जुळणाऱ्या कनेक्टरने जोडायच्या असतात. शेकडो व्होल्टची डीसी तार उन्हापावसात नुसत्या टेपच्या भरवशावर सोडणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. कलम 2(11) मधली 'सेवेतील त्रुटी' ती हीच, आणि कलम 85 खाली सेवा देणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारीही येते. वॉरंटीच्या अटीने ती पुसली जात नाही.

आता परवाचे. आजच ईमेल आणि स्पीड पोस्टने कंपनीला कळवा की अमुक दिवशी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून वरचे दोन्ही सांधे, जळालेला आणि शाबूत, काढले जातील, हजर राहा. आले तर त्यांच्यासमोर, नाही आले तर दोन साक्षीदारांसमोर व्हिडिओ काढत तुकडे पिशवीत सील करा, वर सह्या घ्या. तुम्ही स्वतः हात लावू नका. स्विच बंद केला तरी पॅनेलपासून स्विचपर्यंतच्या तारेत दिवसा वीज असतेच. पुढे कलम 38 खाली हे तुकडे प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी करता येईल. इन्व्हर्टरच्या नोंदीही उतरवून घ्या. आगीआधी इन्सुलेशनच्या (तारेच्या आवरणाच्या) दोषाची किंवा आर्क फॉल्टची (ठिणगी धरल्याची) सूचना आली असेल आणि ती तुम्ही कंपनीला कळवली असेल, तर ती फार उपयोगी ठरेल. अग्निशमन दल आले असेल तर त्यांचा अहवाल मागा. घराचा विमा असेल तर विमा कंपनीला आजच कळवा.

तीन वर्षे उलटली म्हणून घाबरू नका. कलम 69 ची दोन वर्षांची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजतात, आणि बंद पाइपातला हा दोष आगीच्या दिवशी उघड झाला. कंपनी ती बसवल्याच्या तारखेपासून मोजायला सांगेल, म्हणून उशीर मात्र करू नका. तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते.

कंपनीला खरोखर मिटवायचे असेल तर आनंदच आहे. पावती एवढीच द्या : 'बदललेले साहित्य मिळाले. आगीच्या कारणाबद्दल आणि इतर नुकसानीबद्दल माझे हक्क राखून.' यावर त्यांनी माणसे पाठवलीच नाहीत, तर तो नकार लेखी घ्या आणि तक्रारीला जोडा.