क्वेसारच्या वर्णपटातला 'घटक' म्हणजे कोणता?

प्रश्न असा आहे : क्वेसारच्या (दूरच्या दीर्घिकेच्या केंद्रातल्या, द्रव्य गिळणाऱ्या कृष्णविवराभोवतीच्या अतितेजस्वी प्रकाशस्रोताच्या) वर्णपटांच्या 'प्रमुख घटक विश्लेषणा'त पहिला घटक लोहाशीही जोडलेला आणि ऑक्सिजनशीही, असं वाचलं. मग घटक एक की दोन?

एकच. पण तो लोहही नाही आणि ऑक्सिजनही नाही. वर्णपटाविषयी वाचताना 'घटक' दिसला की कोणालाही त्या वस्तूतली द्रव्यंच आठवणार. हा घटक मात्र संख्याशास्त्रातला.

एकेक वर्णपट म्हणजे आकड्यांची रांग : कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश. रांगा एकमेकींशी ताडायच्या तर आधी ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी जितकी वाढते तो सरकाव, काढून टाकावी लागते. ३सी २७३ या क्वेसारच्या वर्णपटातल्या रेषा (मूलद्रव्यांच्या ठरावीक तरंगलांब्यांच्या खुणा) सुमारे १६ टक्के सरकलेल्या आहेत. खगोलशास्त्रज्ञ मार्टिन श्मिट यांना १९६३ साली त्या ओळखू आल्या तेव्हा कुठे त्या कशाच्या, हे कोडं सुटलं. ताम्रसृती काढली की सरासरी वजा करायची आणि उरलेल्या फरकांत कोणते फरक जोडीने घडतात ते शोधायचं. अशा जोडीने घडणाऱ्या बदलांचा जो साचा सर्वांत जास्त फरक सामावून घेतो, तो पहिला घटक. पूर्ण वर्णपटाऐवजी रेषांची मोजमापं घेऊनही हेच करता येतं. बोरोसन आणि ग्रीन यांनी १९९२ साली ८७ क्वेसारवर तसं केलं, तेव्हा लोहाच्या रेषा ठळक तिथे ऑक्सिजनच्या फिक्या, असा उलटा संबंध पहिल्या घटकात आला. यामागे बहुधा लोहाचा साठा नाही, तर कृष्णविवर स्वतःच्या वस्तुमानाच्या मानाने किती वेगाने द्रव्य गिळतंय, हे आहे.

'घटका'ऐवजी 'दिशा' म्हणावं, अशी एक सूचना ऐकली आहे. गणिताला ती धरून आहे, पण आकाशाच्या लेखात 'क्वेसारची दिशा' म्हणजे नवाच घोळ! माझ्या मते 'घटक' राहू द्यावा. लोह-ऑक्सिजनला मात्र न चुकता 'मूलद्रव्य' म्हणावं, शाळेत शिकलो तसं.

जाता जाता 'वर्गीकरणा'बद्दल. या पद्धतीने क्वेसारचे वर्ग पडत नाहीत, ते एका ओळीत लागतात. हायड्रोजनच्या 'एच-बीटा' रेषेची रुंदी (ती वायूच्या वेगाच्या एककात मोजतात) सेकंदाला ४,००० किलोमीटरच्या आत की बाहेर, यावरून पुढे त्या ओळीचे दोन गट केले गेले. रेघ माणसांनी ओढलेली आहे. तिथे खरंच काही बदलतं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.