शाळेच्या वाटेवरची दगडी भिंत

प्रश्न : दांडिया बाजारातल्या ज्या गल्लीतून आमची मुलं शाळेत जातात, तिथे जुन्या वाड्याची दगडी कंपाउंड भिंत आहे, दोन मीटर तरी उंच. मधोमध पोट आलंय. मालक म्हणतात, सिमेंटने दरजा भरून घेतो. भूकंपात तेवढं पुरेल का?
– एक पालक, वडोदरा

उत्तर : नाही पुरणार. अशा भिंतीत बहुधा दगडांचे दोन थर असतात आणि मध्ये माती-कपच्यांची भर. हादऱ्याने भर खाली बसते आणि थरांना बाहेर रेटते. किल्लारीला १९९३ साली कितीतरी भिंती अशाच दुभंगल्या. पोट येणं म्हणजे थर सुटू लागल्याची खूण. दरजा भरल्याने फक्त तोंड बंद होतं. थर एकमेकांना बांधले जात नाहीत.

पोट आलेला भाग दाबून सरळ होत नाही. तो वरून एकेक दगड काढत उतरवावा आणि पुन्हा बांधताना भिंतीच्या पूर्ण जाडीचे आरपार दगड घालावेत : उंचीत दर ६० सेंटिमीटरला, आडवे १.२ मीटरच्या आत. उरलेली भिंत ओळंब्यात असेल तर साधारण मीटर-मीटरवर, वरखालच्या ओळींत अर्धा मीटर सरकवून, दगड हलक्या हाताने काढत ७.५ सेंटिमीटरची आरपार भोकं करावीत. त्यांत दोन्ही टोकांना आकडा केलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवून १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरावं आणि किमान दहा दिवस पाणी मारावं. भोकांसाठी घण मुळीच चालवू नये, सगळी भर ढिली होते. आधी इंजिनिअरला दाखवाच. भिंतीवर मागाहून कुणी चढवलेल्या विटा असतील तर त्या आजच उतरवा; सर्वांत आधी त्याच पडतात.

काम होईपर्यंत मुलांची वाट बदला. दोन मीटर उंच, ४५ सेंटिमीटर जाड भिंतीचं मीटरभर लांबीचं वजन दोन टनांच्या घरात जातं. भिंतीपासून निदान तिच्या उंचीइतकं अंतर हवं, आणि अरुंद गल्लीत ते मिळतच नाही. कच्छमधल्या अंजारमध्ये २६ जानेवारी २००१च्या भूकंपात प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतल्या मुलांवर गल्लीच्या दोन्ही बाजूंची घरं कोसळली. लांब पडला तरी रुंद रस्ताच घ्या.

प्रश्न : वाटेत हादरा बसला तर मुलांनी काय करावं?

उत्तर : भिंत, फाटकाचे खांब आणि विजेच्या तारांपासून दूर मोकळ्या जागी सरकावं, दप्तर डोक्यावर धरून खाली बसावं. थांबल्यावरही भिंतीच्या कडेने जाऊ नये. सैल झालेले दगड पुढच्या धक्क्याला पडतात.